एकच मासा ठरवून जा: लक्षद्वीपच्या लगूनमध्ये पट्टेरी सर्जन मासा कसा शोधावा

पहिल्यांदा पाण्यात तोंड घातलं की इतकं काही एकदम डोळ्यांपुढे येतं की त्यातलं एकही धड दिसत नाही. निळं, पिवळं, चमचमणारं काहीतरी इकडून तिकडे जातं, मास्कमध्ये थोडं पाणी शिरतं, श्वास वाढतो आणि अर्धा तास संपतो. किनाऱ्यावर आल्यावर आठवतं ते एवढंच की मासे खूप होते. लक्षद्वीपला पहिल्यांदा निघालेल्या प्रत्येकाला म्हणून मी एकच सांगते: एक मासा ठरवून जा. तो नीट ओळखायला शिका, तो काय खातो, कुठे असतो, कुणाशी भांडतो ते पाहा. बाकीची रीफ, म्हणजे प्रवाळांची वसाहत, त्याच्यामागून आपोआप उलगडत जाते.

त्यासाठी मी निवडलेला मासा लहान आहे आणि फार रंगीतही नाही. हा पट्टेरी सर्जन मासा. इंग्रजीत त्याला कॉन्व्हिक्ट सर्जनफिश म्हणतात, कारण अंगावरचे काळे पट्टे जुन्या काळच्या कैद्यांच्या कपड्यांसारखे दिसतात. शास्त्रीय नाव अकॅन्थुरस ट्रायोस्टेगस. 1758 मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने त्याची नोंद केली तेव्हापासून तो विज्ञानाला माहीत आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून लक्षद्वीप, मालदीव, अंदमान, पुढे हवाई आणि थेट पनामापर्यंत तो सापडतो. हवाईत त्याला मानिनी म्हणतात आणि तिथल्या लोकांच्या जेवणात तो पूर्वापार आहे. इतका पसरलेला मासा नवख्या माणसासाठी चांगला, कारण तो दिसण्याची शक्यता भरपूर असते.

घरीच करायची तयारी: ओळख

आकार डोळ्यांपुढे आणायचा तर पापलेट आठवा. तसाच दोन्ही बाजूंनी चपटा आणि उभट गोल, पण वितीपेक्षा थोडा लहान. साधारण 15 ते 17 सेंटीमीटरचे मासे जास्त दिसतात, फार तर 27 सेंटीमीटरपर्यंत वाढतो. अंग फिकट राखाडी-हिरवट, पोट पांढरं. त्यावर वरून खाली उतरणारे अरुंद काळे पट्टे: पहिला थेट डोळ्यातून जाणारा, मग अंगावर चार, आणि शेपटीच्या बुडाशी एक तोकडा. तोंड अगदी छोटं आणि किंचित खाली वळलेलं.

सर्जन हे नाव शेपटीच्या बुडाशी असलेल्या काट्यामुळे पडलं. दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो. चाकूचं पातं मुठीत मिटावं तसा तो खाचेत मिटलेला असतो आणि मासा शेपूट वाकवतो तेव्हा बाहेर येतो. ‘अकॅन्थुरस’ या ग्रीक नावाचा अर्थही शेपटीला काटा असलेला असाच. या कुळात ऐंशीच्या वर जाती आहेत आणि काही जातींचा काटा चांगलाच मोठा असतो. आपल्या पट्टेरी माशाचा मात्र इतका बारीक की पाण्यात तो बहुधा दिसणारच नाही. तेव्हा ओळख काट्यावर ठेवू नका, पट्ट्यांवर ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाची सावधगिरी. लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ पाण्यात, उतरल्याबरोबर काळे पट्टे असलेला जो मासा सर्वांत आधी तुमच्याकडे धावत येईल, तो बहुतेक वेळा सर्जन नसतो, सार्जंट मेजर असतो. नावंही एकमेकांत गुंतणारी आणि पट्टेही. फरक असे. सार्जंटची पाठ पिवळसर असते, अंग जाडसर असतं, आणि त्याचा पहिला पट्टा डोळ्याच्या मागून जातो. सर्जनचा पट्टा डोळ्यावरूनच जातो. त्याहून सोपी खूण वागण्याची आहे. सार्जंट पाण्याच्या मधल्या थरात तरंगत वाहून येणारं खाणं टिपतो आणि कुणी पाव टाकला तर घोळका करतो. सर्जन मान खाली घालून दगडावर चरत असतो. ही एक गोष्ट पक्की केलीत तर अर्धं काम घरीच झालं.

जाण्याआधी वहीत एकदा हाताने चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. पहिला पट्टा कुठून न्यायचा हा प्रश्न पेन्सिल हातात असताना पडला की उत्तर विसरत नाही.

कुठे आणि केव्हा

अंदमानातही हा मासा आहे, आणि तिथे गेलात तर हेच सगळं लागू पडेल. पण नवख्याला मी लक्षद्वीपच सांगते, त्याचं कारण तिथली बेटांची रचना. बहुतेक बेटं कंकणाकृती प्रवाळभिंतीच्या पूर्वेकडच्या कडेवर बसलेली आहेत आणि पश्चिमेला उथळ, शांत लगून आहे. अगत्ती, कवरत्ती, कडमत, मिनिकॉय, सगळीकडे थोड्याफार फरकाने असंच. बाहेरचा समुद्र भिंतीवर फुटतो आणि आत तुम्ही कंबरभर पाण्यात निवांत उभे असता. आंद्रोतला मात्र असं लगून नाही, तेव्हा बेट निवडताना विचारून घ्या.

बाहेरच्या माणसाला लक्षद्वीपला जायला प्रवेश-परवाना लागतो. तो कोणत्या बेटासाठी आहे हे पाहा आणि हातात आल्याशिवाय तिकिटं काढू नका. कोचीहून अगत्तीला विमान जातं. कोचीहूनच जहाजंही सुटतात आणि बेटाप्रमाणे साधारण 14 ते 18 तास घेतात. नैर्ऋत्य पाऊस सुरू झाला की समुद्र खवळतो, म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ धरा. डिसेंबरनंतर पाणी अधिक निवळ असतं.

तिथी पाहून तारीख ठरवता आली तर फारच उत्तम. आपल्या कोकणात हे कुणाला सांगावं लागत नाही: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी भरती. उधाणाच्या दिवसांत लगूनच्या तोंडाशी पाण्याला ओढ जास्त असते. नवख्याने पहिले दिवस भांगाचे निवडावेत, पाणी संथ मिळतं. दिवसातली वेळ म्हणाल तर सकाळी नऊ ते अकरा, आणि त्यातही भरती चढत असताना. ओहोटीत उघडा पडणारा रीफचा सपाट भाग पाण्याखाली जाऊ लागला की हे मासे चरायला त्यावर येतात. संध्याकाळी मात्र प्रकाश कलला की ते कपारींत शिरायच्या तयारीला लागतात.

सामान

मास्क स्वतःचा असावा, बाकी सगळं भाड्याने मिळालं तरी चालतं. दुकानात मास्क चेहऱ्यावर टेकवा, पट्टा लावू नका, नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा. तसाच चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशी असेल तर नाकाखालून पाणी झिरपतं. वरची कडा थोडी कातरली की बरंच थांबतं. चष्म्याचा नंबर असलेल्यांना नंबरच्या काचांचे मास्क मिळतात आणि मासा ओळखायला जायचं असेल तर त्यावर केलेला खर्च वाया जात नाही. अंगात पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. तो उन्हापासून वाचवतो आणि सनस्क्रीनचा थर पाण्यात कमी उतरतो.

लाइफ जॅकेट पोहता येत असलं तरी घाला. आडवं तरंगत राहणारा माणूस प्रवाळावर पाय टेकवत नाही. आणि श्वासाचा सराव आधीच करा. पोहण्याच्या तलावात दोन दिवस स्नॉर्केल, म्हणजे श्वासाची नळी, तोंडात धरून नुसतं तरंगलं तरी पुरे. तारकर्ली-मालवणला गेलात तर तिथेही करता येईल. पाणी लक्षद्वीपइतकं निवळ नसतं, पण खाऱ्या पाण्याची सवय होते.

पाण्यात उतरल्यावर: मासा शोधू नका, कुरण शोधा

हा लेख लिहिण्याचं खरं कारण हे आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

बहुतेक जण जिवंत, फांदीदार, रंगीत प्रवाळाकडे जातात आणि तिथेच गोल फिरत राहतात. पट्टेरी सर्जन मासा खातो शेवाळ, तेही केसासारखं बारीक तंतूंचं. जिवंत प्रवाळावर असं शेवाळ वाढत नाही. ते वाढतं मेलेल्या प्रवाळावर, मोडून पडलेल्या तुकड्यांच्या ढिगावर, उघड्या खडकावर. लांबून अशी जागा मळकट, मखमल चढल्यासारखी दिसते आणि कुणी तिचा फोटो काढत नाही. तिथे जा.

किनाऱ्यावरून निघालात की आधी पांढरी वाळू लागते, मग कुठे कुठे समुद्रगवत, मग वाळूत सुट्या उभ्या असलेल्या प्रवाळाच्या टेकड्या. त्यातली एक टेकडी निवडा, जिचा अर्धा भाग मेलेला आहे. कंबरभर पाण्यापासून दोन वाव (साधारण बारा फूट) खोलीपर्यंत कुठलीही चालेल. तिच्यापासून तीन-चार हात अंतर ठेवा, हातपाय मारणं थांबवा आणि पाच मिनिटं नुसते तरंगा. पाण्याखाली वस्तू असते त्यापेक्षा जवळ आणि मोठी दिसते, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकतो. वाटतं त्यापेक्षा थोडे जवळच आहात असं समजू नका, थोडे लांब आहात असं समजा आणि तरीही पुढे सरकू नका.

मासे आधी लांब जातात. मग एक परत येतो, मान खाली घालून दगडाला टोचा मारतो, मागोमाग बाकीचे. एकदा चरणं सुरू झालं की त्यांना तुमची फिकीर राहत नाही. एकच मासा डोळ्यांनी धरा आणि एका मिनिटात तो किती वेळा टोचतो ते मोजा. मोजायला लागलं की तुमचा श्वास आपोआप लयीत येतो, हे मी कितीतरी नवख्या माणसांमध्ये पाहिलं आहे.

नशीब असेल तर पुढचं दृश्य दिसेल. सगळी कुरणं मोकळी नसतात. छोटे डॅमसेल मासे आपापला शेवाळाचा तुकडा राखतात, आणि जिथे लाटा फुटतात त्या कडेला निळ्या-पिवळ्या आडव्या रेघांचा सर्जन, अकॅन्थुरस लिनिएटस, आपली हद्द राखून असतो. एकटादुकटा पट्टेरी मासा तिथे गेला की हे अंगावर धावून जाऊन त्याला हाकलतात. म्हणून पट्टेरी मासे कळपाने येतात, कधी वीस-तीस, कधी शेकड्यांनी. राखणदार एकाला हाकलतो तोवर पन्नास जण खाली उतरून चरून घेतात, आणि मग सगळा कळप उठून पुढच्या कुरणावर. कडमतला मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कापणी झालेल्या शेतात उतरलेल्या मेंढरांची आठवण झाली. राखणदार हैराण होऊन गोल गोल फिरत होता आणि कळप शांतपणे खात होता.

या चरण्याचं महत्त्व आता वाढलं आहे. 1998, 2010, 2016 आणि पुन्हा 2024 मध्ये समुद्र तापून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. त्यातले पुष्कळ मेले. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढतं, शेवाळात गाळ अडकतो, आणि प्रवाळाच्या पोहत येणाऱ्या पिल्लांना चिकटायला कठीण, स्वच्छ पृष्ठभाग उरत नाही. सर्जन आणि पोपटमासे हे शेवाळ खुरटं ठेवतात तिथे नव्या प्रवाळाला जागा मिळते. तुम्ही जी मळकट टेकडी पाहत आहात, तिच्यावर नखाएवढी नवी प्रवाळाची चकती कुठे दिसते का, तेही बघा. मला दिसली की मी वहीत वेगळी खूण करते.

भाऊबंद

पहिला मासा ओळखू आला की हे तीन सोपे जातात. निळं अंग, काळा चेहरा, पांढरा गळा आणि पाठीवर पिवळा पर म्हणजे पावडर ब्लू, हिंदी महासागराचं भूषण. तपकिरी, दुरून नुसता काळपट दिसणारा, अंगावर अगदी बारीक रेघा असलेला म्हणजे टेनोकीटस स्ट्रायाटस. त्याचे दात कुंचल्यासारखे असतात आणि तो शेवाळ तोडण्यापेक्षा त्यावर साचलेला बारीक गाळ झाडून खातो. तिसरा वर आलेला रेघांचा लिनिएटस. तो बघायला लाटा फुटतात त्या कडेकडे जावंसं वाटेल. नवख्याने जाऊ नये. पाणी उचलून प्रवाळावर आपटतं आणि तिथून परतणं अवघड असतं. लगूनच्या आतूनही तो कधीमधी दिसतो, तेवढ्यावर समाधान माना.

पावडर ब्लू पाहून आल्यावर तो घरच्या टाकीत ठेवता येईल का, असं हमखास कुणीतरी विचारतं. मी नाही म्हणते. हा मासा टाकीत लवकर आजारी पडतो, त्याला पोहायला लांबी लागते आणि दिवसभर चरायला लागतं. शिवाय दुकानात येणारे सर्जन मासे बहुतेक समुद्रातून पकडलेलेच असतात. या कुळातल्या पिवळ्या टँगची पिल्लं बंदिस्त पाण्यात वाढवणं हवाईतल्या संशोधकांना 2015 मध्ये जमलं, यावरून ते किती अवघड आहे ते कळावं.

करू नये ते

माशांना पाव, बिस्किटं टाकू नका. चरणारा मासा त्याने जवळ येत नाही, सार्जंटचा घोळका मात्र येतो आणि निरीक्षण संपतं. प्रवाळावर उभं राहू नका, आणि मेलेला का असेना, प्रवाळाचा तुकडा खिशात घालू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ संरक्षित आहेत. सर्जन मासा कपारीत शिरला तर हात घालू नका. काट्याची जखम सुरीच्या वारासारखी सरळ आणि खोल होते. झालीच तर स्वच्छ पाण्याने धुऊन कापडाने दाबून धरा आणि बेटावरच्या दवाखान्यात दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं का ते तिथेच विचारा.

शेवटच्या सकाळी: डबक्यांतली पिल्लं

एक सकाळ पाण्याबाहेर ठेवा. ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर जी डबकी उरतात त्यांत पट्टेरी सर्जनची पिल्लं राहतात. दोन-अडीच सेंटीमीटरची, पट्टे तेच. सावली पाण्यावर पडू न देता खडकावर उकिडवे बसा आणि वाट बघा.

हे पिल्लू कुठून आलं ते ऐकण्यासारखं आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू किनाऱ्यापासून दूर खुल्या समुद्रात वाढतं. हवाईत हा काळ सुमारे अडीच महिन्यांचा असल्याचं मत्स्यशास्त्रज्ञ जॉन रँडल यांनी 1961 मध्ये मांडलं. तेव्हा ते काचेसारखं पारदर्शक असतं आणि तरंगते सूक्ष्म जीव खातं. मग एका रात्री ते प्रवाळभिंत ओलांडून आत येतं, आणि काही दिवसांत सगळं बदलतं: अंगावर रंग आणि पट्टे येतात, शेवाळ पचवायला आतडं भराभर लांब होतं, मांसाहारी पिल्लू चरणारा मासा होऊन जातं.

फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावर संशोधकांनी याच जातीवर काम केलं आणि 2017 मध्ये दाखवलं की हा बदल थायरॉइडच्या संप्रेरकांमुळे घडतो, बेडूकमाशाचा बेडूक होतो तसाच. त्यांनी पाण्यात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मिसळून पाहिलं तेव्हा संप्रेरक घटलं, बदल अडला आणि पिल्लं नीट चरेनाशी झाली. क्लोरपायरीफॉस आपल्याकडे शेतकऱ्याला आणि घराच्या पायात वाळवीचं औषध घालणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. लक्षद्वीपच्या कुणा आप्पांनी किंवा काकींनी तुमच्याकडे परसातल्या नारळाला काय फवारता असं तुम्हाला विचारलं आणि गप्पा सुरू झाल्या, तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा. मी सांगते.

डबक्यात दिसलेली पिल्लं मोजून वहीत लिहा: तारीख, तिथी, भरती-ओहोटीची वेळ, बेटाची कुठली बाजू, किती पिल्लं. पुढच्या वर्षी त्याच खडकावर त्याच तिथीला बसता आलं, तर आकड्याशेजारी दुसरा आकडा येईल.